संदर्भपुस्तिकेची प्रकरणं कशी लावावीत?

प्रश्न: आमच्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेत सुविधा येत गेल्या तशी संदर्भपुस्तिकेत प्रकरणं वाढत गेली. आता फंक्शन सहाव्यात, स्कोपचे (कुठलं नाव कोडमध्ये कुठवर चालतं याचे) नियम तेराव्यात, एरर अर्ध्या तिसऱ्यात नि अर्ध्या अठराव्यात. सगळं सोप्याकडून अवघडाकडे लावू का?

उत्तर: मुळीच नको. तो शिकवणीचा क्रम झाला. संदर्भपुस्तिका माणूस अडला की उघडतो, उत्तर मिळालं की मिटतो. शिकवायचंच असेल तर त्यासाठी वेगळं ट्युटोरियल लिहा.

भाषेची बांधणी जशी, तसा क्रम लावा. पायथॉन भाषेच्या पुस्तिकेत आधी टोकन (कोडचे सर्वांत छोटे तुकडे), मग डेटा मॉडेल, मग नावं नि स्कोप, पुढे इम्पोर्ट, एक्स्प्रेशन आणि शेवटाकडे स्टेटमेंट येतात. लायब्ररीची, म्हणजे तयार कोडची, पुस्तिका निराळी. इंडेंटेशनचा (ओळीआधी सोडायच्या जागेचा) नियम भाषेच्या पुस्तिकेत टोकनच्या प्रकरणात आहे, कारण पायथॉनच्या लेखी इंडेंट हे टोकनच! नवशिक्या चक्रावेल, पण नियमाची हक्काची जागा तीच.

एररचं म्हणाल, तर विखुरलेपणाला एवढं घाबरू नका. पायथॉनमध्येही एक्सेप्शनची (एरर कळवण्याच्या यंत्रणेची) कल्पना एका प्रकरणात, ते उठवणारं 'रेझ' दुसऱ्यात, ते हाताळणारं 'ट्राय' आणखी वेगळ्या प्रकरणात आहे. तुमचं तिसरं आणि अठरावं प्रकरण तेच तेच सांगत असेल, तर मात्र एकातलं काढून टाका आणि तिथे दुसऱ्याची लिंक द्या.

खरी डोकेदुखी प्रकरणांच्या आकड्यांची. लुआ भाषेच्या 5.1 आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये भाषा दुसऱ्या प्रकरणात होती. 5.2 आवृत्तीत मूलभूत संकल्पनांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि भाषा तिसऱ्यात सरकली. बदल चांगलाच होता, पण पुढचे आकडेही सरकले आणि स्ट्रिंग लायब्ररीच्या विभागाचा क्रमांक 5.4 चा 6.4 झाला. म्हणजे कुणी कोडच्या कॉमेंटमध्ये 'विभाग 5.4 पाहा' असं लिहून ठेवलं असेल, तर 5.2 च्या मॅन्युअलमध्ये वाचणाऱ्याला तो विभाग सापडणारच नाही. सी प्लस प्लसच्या मानकात याच कारणाने प्रत्येक विभागाला आकड्याशिवाय एक कायमचं नावही असतं. उदाहरणार्थ, बेरीज-वजाबाकीच्या ऑपरेटरांचा विभाग 'एक्स्पर.ॲड'. आकडा बदलला तरी हे नाव शक्यतो बदलत नाहीत.

तुम्हीही आधी अशी नावं द्या, आतल्या सगळ्या लिंक त्यांच्यावर वळवा आणि मगच प्रकरणं हलवा. हलवण्याच्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांमध्ये) एकही वाक्य सुधारू नका, स्वल्पविरामसुद्धा नाही. नाहीतर नुसतं काय हललं आणि खरोखर काय बदललं, हे डिफ (जुन्या-नव्यातला फरक) तपासणाऱ्याला कळायचं नाही.