दिवस मोजायचे ते राजीनाम्याच्या सहीपासून

ओहायोतल्या एका सरकारी शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वर्गातल्या एका मुलासाठी इंग्रजीतलं ‘ही’ (he) किंवा ‘शी’ (she) हे सर्वनाम नको, ‘दे’ (they) म्हणा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं; यांनी नकार दिला. गेल्या १४ ऑक्टोबरला केबिनमध्ये बोलावून ‘म्हणा, नाहीतर राजीनामा द्या’ असं ऐकवल्यावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. शाळेतला शेवटचा दिवस १९ डिसेंबर. माझं भाषणस्वातंत्र्य हिरावलं ना, हा त्यांचा प्रश्न. आणि जाता जाता एक ओळ: ‘तक्रारीची ३०० दिवसांची मुदत यंदाच्या १५ ऑक्टोबरपर्यंत आहे, तेव्हा घाई नाही.’

ताई, तुमच्या चार पानांत महत्त्वाची ओळ हीच, आणि ती चुकली आहे. राजीनामा द्यायला भाग पाडलं असा दावा असेल, तर मुदत राजीनामा दिला त्या दिवसापासून धावते, शेवटच्या दिवसापासून नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ग्रीन विरुद्ध ब्रेनन या खटल्यात हे स्पष्ट केलं. तुमचे ३०० दिवस १० ऑगस्टला संपतात. ईईओसीच्या, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या, पोर्टलवर नुसती चौकशी नोंदवली म्हणजे तक्रार झाली, असं समजू नका. सही केलेली तक्रार त्याआधी दाखल व्हायला हवी.

आता ही तक्रार कशाची? नोकरीत धर्मश्रद्धेपोटी लागणारी सोय (इथे ‘दे’ न म्हणण्याची मुभा) नाकारल्याची. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या ग्रॉफ निकालानंतर अशी सोय नाकारणं मालकाला बरंच अवघड झालंय. (ग्रीन आणि ग्रॉफ, दोघेही टपाल खात्यातले. चिवट माणसं.) पण तुम्ही मुख्याध्यापकांना पाठवलेल्या तीन ओळींच्या मेलमध्ये श्रद्धेचा शब्द नाही. आहे ते व्याकरण: ‘एका व्यक्तीला अनेकवचन चालत नाही.’ सासऱ्यांना जन्मभर ‘ते आलेत’ म्हणणाऱ्या बाईने हे लिहावं! श्रद्धेचं कारण तोंडी सांगितलं असेल, तर कधी, कुणासमोर, ते आजच लिहून काढा. सांगितलंच नसेल, तर ही बाजू लंगडी आहे.

भाषणस्वातंत्र्याचा दावा वेगळा. त्याला ईईओसी लागत नाही आणि ओहायोत दोन वर्षं मिळतात. तुमच्या सर्किटात, म्हणजे ओहायो ज्या केंद्रीय अपील कोर्टाखाली येतं तिथे, २०२१ चा मेरीवेदर निकाल असाच नकार देणाऱ्या प्राध्यापकाच्या बाजूने आहे; पण ते विद्यापीठ होतं, तुमची सातवी आहे. ओहायोतल्याच एका मिडल स्कूलच्या शिक्षिकेच्या, गेराटी यांच्या, अशाच खटल्यात २०२४ मध्ये साडेचार लाख डॉलरवर तडजोड झाली. उलट फ्लोरिडात २०२५ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की वर्गात शिक्षक स्वतःसाठी कोणतं सर्वनाम वापरतो, ते सरकारचं बोलणं. तिथली शिक्षिका ट्रान्सजेंडर होती आणि तिला स्वतःला ‘शी’ म्हणवून घ्यायचं होतं. म्हणजे तुम्ही ज्या तत्त्वावर भिस्त ठेवताय, ते कुणाच्या पारड्यात पडेल ते मी सांगत नाही.

आणि राजीनामा खरोखर लादलेला होता का, हा वाद शाळा घालणारच. अशाच वादात सापडलेले इंडियानाचे संगीतशिक्षक क्लूगी यांनी २०१८ मध्ये दिलेला राजीनामा मागे घ्यायचा प्रयत्न केला, शाळेने ऐकलं नाही. २०२५ साल उजाडलं तेव्हा अपील कोर्टाने ज्यूरीसमोर सुनावणी घ्या म्हटलं. सात वर्षं! त्यांच्या वर्गातली मुलं कॉलेजातून बाहेर पडायच्या वयाची झाली.

या आठवड्यात ओहायोतला नोकरीच्या खटल्यांचा वकील गाठा. मी तिथे वकिली करत नाही. सही केलेल्या राजीनाम्याची प्रत तुमच्याकडे नाही, असं लिहिलंय. ती शाळेकडून मागून घ्या. मेलमध्ये एवढंच मागा, व्याकरण नको.