अमेरिकेत राज्याचा २० वर्षांचा वाहतूक आराखडा वॉशिंग्टन मंजूर करतं का?

नाही, दीर्घकालीन राज्यव्यापी आराखड्याला केंद्राची मंजुरी लागत नाही. राज्य तो स्वतः स्वीकारतं आणि त्याची प्रत फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एफएचडब्ल्यूए) व फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एफटीए) या केंद्राच्या महामार्ग आणि सार्वजनिक वाहतूक पाहणाऱ्या संस्थांना फक्त माहितीसाठी पाठवतं. आधार म्हणजे अमेरिकी संहितेच्या २३व्या शीर्षकातलं कलम १३५ आणि त्याखालचे नियोजनाचे नियम. आराखडा किमान २० वर्षांचा असावा, लोकांना मत मांडायची संधी मिळावी, महानगरांबाहेरच्या भागांसाठी तो तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या सहकार्याने तयार व्हावा, असं कायदा सांगतो. पैशांचा मेळ घालून दाखवायची सक्ती मात्र या आराखड्यावर नाही.

केंद्राचा खरा लगाम पुढच्या पायरीवर आहे. किमान ४ वर्षांच्या प्रकल्पांची यादी असलेला 'स्टिप' (राज्यव्यापी वाहतूक सुधारणा कार्यक्रम) या दोन्ही संस्था मिळून मंजूर करतात. त्यात पैसा कुठून येणार हे दाखवावंच लागतं आणि नियोजनाची प्रक्रिया नियमांना धरून झाली का, हेही तेव्हाच तपासलं जातं. महामार्ग व सार्वजनिक वाहतुकीच्या केंद्रीय निधीतल्या बहुतेक प्रकल्पांना, ते स्टिपमध्ये नसतील तर, पैसे मिळत नाहीत. म्हणून आक्षेप असेल तर स्टिपचा मसुदा खुला असतानाच लेखी द्या. तो मंजूर झाल्यावर फार उशीर होतो.

मोठ्या शहरांची गोष्ट थोडी वेगळी. २ लाखांहून जास्त लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांत महानगर नियोजन संस्थेची प्रक्रिया केंद्र किमान दर ४ वर्षांनी तपासून प्रमाणित करतं.