आजीची माटोळी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस, घरातले म्हणतात, वय झालं म्हणून आजी विसरते. तुला ते पटत नाही, आणि तुझंच बरोबर आहे. चष्मा कुठं ठेवला हे मीही विसरते. पण वर्षानुवर्षं चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, जिच्या देखरेखीखाली बांधली गेली, तिला यंदा सुपारीचा घड हातात घेऊन पुढं काय करायचं ते सुचेना, हे निराळं. सरावाचं काम असं अडलं की डॉक्टरांना दाखवायचंच.

आधी आठव, हे केव्हापासून? दोन-चार दिवसांत एकदम बरळायला लागली असेल, तर लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं असू शकतं; त्याच दिवशी दवाखाना गाठ. हळूहळू वाढत आलं असेल, तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घे. ऐकू नीट येतं का तेही बघ. झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही माणूस गोंधळतो, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत ने. इथं गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतही दाखवता येईल.

अल्झायमर, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू नेणारा मेंदूचा आजार, निघाला तर डोनेपेझिलसारखी गोळी देतील. काहींना तिनं काही काळ थोडं बरं वाटतं, पण आजार थांबत नाही. मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

माझी आई तिन्हीसांजेला म्हणायची, "मला घरी जायचंय, अण्णा वाट बघत असतील." अण्णा म्हणजे तिचे वडील, जाऊन चाळीस वर्षं झालेले. मी रोज तिला ते सांगायची आणि ती रोज नव्यानं रडायची. वर्षभर मी हे केलं, बाळ. मग एकदा नुसतं "चल" म्हटलं, हात धरून तुळशीपाशी नेलं, विचारलं, "अण्णा कसे होते गं?" दिवेलागणीपर्यंत ती बोलत राहिली. मग आपणहून आत येऊन पेज जेवली.

म्हणून "मी कोण, ओळख बघू" असं आजीला कधी विचारू नकोस. "आजी, मी आले गं" म्हण, नाव सांग, जवळ बस.

आणि आजीला सांभाळणाऱ्या तुझ्या आईकडे बघ. आपल्या गोव्यातच स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळणाऱ्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या घरी जाऊन धीर देत, समजावत. तेवढ्यानंही सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तू आजीपाशी थांब, आईला बाहेर पाठव.

पुढच्या चतुर्थीला माटोळी तू बांध. आजीला खाली खुर्चीवर बसव आणि एकेक घड तिच्या हातून मागून घे.

तुझी,
मावशी