डॉक्टरबाईंना विचारा : आईच्या टाळूचा फोटो

प्रश्न : माझ्या आईला (वय ७८) टाळूचा कॅन्सर निघाला. तरुणपणापासून ती धुमटी (पानात गुंडाळलेला तंबाखू) ओढायची, तीही पेटतं टोक तोंडात धरून. शेजारच्या दोन मावश्या अजून ओढतात. आता डॉक्टर म्हणतात, आईची केस एका वैद्यकीय जर्नलमध्ये छापायची आहे, फोटोसाठी सही द्या. चौकशी केली तर जर्नल विदेशातलं नाही, आपल्याकडचंच निघालं. मग सही देऊन उपयोग काय?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘आपल्याकडचंच’ ह्या शब्दाशी मी अडले. तो तुम्ही जरा नाक मुरडून लिहिलाय, नाही का?

चाळीसेक वर्षांपूर्वी मी पॅथॉलॉजीत नवखी होते. एका बाईच्या टाळूचा तुकडा तपासायला आला. स्लाइडवर कॅन्सर स्वच्छ दिसत होता, पण सोबतच्या कागदावर ‘तंबाखू : नाही’. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बहुधा गालात नाहीतर हिरडीपाशी, जिथे तंबाखू धरून ठेवतात तिथे. टाळूवर, आणि तेही तंबाखूशिवाय? मला चैन पडेना. वॉर्डात गेले, विचारलं, “विडी, सिगरेट ओडटा?” “ना.” लायब्ररीत नुकताच चाळलेला एक लेख आठवला, म्हणून पुढे विचारलं, “धुमटी?” बाई हसली. “ती ओडटां मगो. उजो भितर घालून.” म्हणजे पेटतं टोक आत धरून. ती आधीही खरंच सांगत होती. आम्हीच चुकीचं विचारत होतो.

तो लेख १९७६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला होता. मुंबईच्या संशोधकांनी गोव्यातल्या खेड्यांतल्या ५४४९ माणसांची तोंडं तपासली होती, ह्या उलट्या धुमटीसाठीच. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली ती शंकूसारखी सुरळी. पेटतं टोक आत गेलं की धग आणि धूर थेट टाळूला. आंध्रात श्रीकाकुळमकडे बायका चुट्टा (गावठी चिरूट) अशीच उलटी ओढतात, आणि तिथेही डाग उठतात ते टाळूवरच. १९६३ पासून निघणारं हे जर्नल जगाच्या हिशेबात प्रादेशिकच म्हणायचं, पण लंडनच्या संपादकाला फणसाच्या पानाचं काय सोयरसुतक? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूवर जाडजूड ग्रंथ काढले, त्यांत आमची धुमटी आहे. ती तिथवर गेली अशाच लेखांतून.

एका केसने काही सिद्ध होत नाही, हेही मान्य. पण आजच्या निवासी डॉक्टरांपैकी कितीजणांनी धुमटी बघितली असेल? तुमच्या आईची केस वाचून एखादी मुलगी वॉर्डात तो एक शब्द जास्तीचा विचारेल.

तेव्हा सही करा, पण डोळे उघडे ठेवून. छापायचा मजकूर आधी वाचायला मागा. फोटो टाळूचाच हवा, चेहऱ्याचा नको. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी गावातली माणसं ओळखतात. नाव, गाव, केसपेपरचा नंबर कुठेही नको. छापून येण्याआधी संमती मागे घेता येते, नंतर ते हाताबाहेर. आणि नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडता कामा नये. जर्नल पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत) दिसतं का, एवढं डॉक्टरांना विचारा. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या, अशी दुकानंही हल्ली बोकाळलीत. तसलं असेल तर खुशाल नकार द्या. आईला मात्र आधी विचारा हं, टाळू तिची आहे.

राहिल्या शेजारच्या मावश्या. पत्रात तुम्ही त्यांना एका ओळीत उरकलंत, मला खरी काळजी त्यांची. दोघींना बांबोळीला डेंटल कॉलेजात न्या. टॉर्च लावून तोंड बघायला दोन मिनिटं लागतात, दुखत काही नाही. कवळी असेल तर काढायला सांगा. वरची कवळी अख्खी टाळू झाकते, आणि चारचौघांत ती काढायला ह्या बायका लाजतात.