वॉम्बॅटची विष्ठा खरंच चौकोनी असते का?

हो, अगदी खरं. ऑस्ट्रेलियातला हा गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी फाशांसारख्या घनाकृती लेंड्या टाकतो. आणि नाही, त्याचं गुदद्वार चौकोनी नसतं! (ही शंका सगळ्यांनाच येते.)

खरी करामत आतड्यात आहे. ते सुमारे १० मीटर लांब असतं आणि अन्न त्यातून फार सावकाश सरकतं, त्यामुळे बहुतेक पाणी शोषलं जातं. शेवटच्या टप्प्यात आतड्याची भिंत सगळीकडे सारखी नसते. काही भाग ताठ, काही सैल. ताठ भाग झटकन आकसतो, सैल भाग रेंगाळतो. हजारो वेळा असं दाबलं गेलं की सुकत चाललेल्या मळाला कोपरे येतात. पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी हे शोधलं आणि २०१९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीशीर पारितोषिक) मिळालं.

वॉम्बॅट दगडांवर, ओंडक्यांवर लेंड्या ठेवून गंधाचे निरोप देतात. घनाकृती लेंडी घरंगळत नाही, हा फायदा सांगितला जातो. पण आकार त्यासाठीच घडला हे मला पटत नाही. पाणी वाचवताना कोपरे आपोआप आले असावेत.