३,२१२ रुपयांचं वायफाय आणि १८ लाखांचं घर

प्रश्न: मी जिंतूरला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आधी छत्रपती संभाजीनगरला खासगी हॉस्पिटलात होते. आम्ही चौघी एका रूमवर राहायचो, वायफाय माझ्या नावावर होतं. जून २०२१ मध्ये रूम सोडली, कनेक्शन बंद करायला सांगितलं आणि मोडेम टेक्निशियनच्या हातात दिला. आता परभणीत घर घेतोय. १८ लाखांच्या कर्जासाठी बँकेने सिबिल काढलं, तर त्यात त्या ब्रॉडबँडचे ३,२१२ रुपये 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेले) दिसतात. वसुलीवाला म्हणतो, १,६०० भरा, सेटल करून टाकू. एक एजंट १२ हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतो. बँकेचा दर ८.५ टक्के, फायनान्स कंपनी ११ टक्क्यांनी लगेच द्यायला तयार आहे. एक लाख इसार दिलाय, ६० दिवसांची मुदत आहे, त्यातले ११ गेले. न घेतलेल्या सेवेचे पैसे मी का भरू?

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य तुम्ही रागाने लिहिलंय आणि राग रास्त आहे. पण तो थोडा वेळ बाजूला ठेवून आधी आकडे बघू.

१८ लाख, २० वर्षं. ८.५ टक्क्यांनी हप्ता बसतो साधारण १५,६२१ रुपये. ११ टक्क्यांनी १८,५७९. म्हणजे महिन्याला २,९५८ रुपयांचा फरक. ज्या बिलावरून वाद आहे, जवळपास तेवढीच रक्कम दर महिन्याला जास्तीची जाणार. पूर्ण मुदतीत हा फरक सात लाखांवर जातो. घाईने फायनान्स कंपनीचं कर्ज घेणं हा यातला सगळ्यात महागडा मार्ग आहे.

एजंटचा विषय दोन ओळींत संपवते. २००५ च्या पतमाहिती कायद्याप्रमाणे, ज्याने नोंद पाठवली त्याने चूक मान्य केल्याशिवाय ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, ती बदलता येत नाही. जे खुद्द सिबिलला जमत नाही ते हा माणूस काय करणार? फार तर तुमच्या नावाने तोच ऑनलाइन फॉर्म भरेल, जो तुम्हाला फुकटात भरता येतो.

आता सेटलमेंट. हा शब्द ऐकायला गोड वाटतो, पण रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लिहून आलं की बँकेचा अधिकारी त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे दिले नाहीत' असा घेतो. १,६१२ रुपये वाचवून हा शिक्का कपाळी घेऊ नका. भरायचेच झाले तर ३,२१२ पुरते भरायचे, आणि तेही कंपनीच्या अधिकृत खात्यावर. वसुलीवाल्याने पाठवलेल्या स्वतःच्या यूपीआय नंबरवर एक रुपयाही नाही.

पण पूर्ण भरले तरी जुना डाग आपोआप जात नाही, हे लक्षात ठेवा. बाकी शून्य होईल, पण हे खातं एकदा थकलं होतं हा इतिहास तिथेच राहील. ब्युरो अशी माहिती किमान सात वर्षं ठेवतात. नोंदच चुकीची होती असं कंपनीने मान्य केलं, तर मात्र पाटी कोरी होते. म्हणून माझा क्रम असा: आधी हरकत, आणि तिथे डाळ शिजली नाही तर पैसे.

तुमच्या हरकतीत दम आहे. तुम्ही पाठवलेला व्हॉट्सॲपचा फोटो मी नीट वाचला. २८ जून २०२१, 'दादा, आम्ही रूम सोडतोय, वायफाय बंद करा, मोडेम घेऊन जा.' खाली उत्तर, 'हो मॅडम, संध्याकाळी येतो.' त्याच महिन्याच्या बिलाची यूपीआय पावतीही आहे. कंपनीने मेलवर दिलेली फोड बघा: ७०६ रुपयांची दोन बिलं, जुलै आणि ऑगस्टची, आणि मोडेमचे १,८००. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम, तुम्ही परत केलेल्या डबड्याची आहे. कच्ची बाजू एकच, मोडेमची पावती घेतली नाही. पावती कोण घेतं म्हणा! तो टेक्निशियन अजून त्याच भागात असेल तर त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या. रूममधल्या तिघींपैकी एकीचं म्हणणंही जोडा.

हरकत एकाच दिवशी दोन्हीकडे घाला. सिबिलच्या साइटवर त्या खात्यापुढे 'डिस्प्यूट' करा. तिथे खात्याचा प्रकार 'टेल्को ब्रॉडबँड' असा दिसेल. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक (डॉकेट नंबर) घ्या. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फोनवर कितीही गोड बोलले तरी सगळं मेलवर मागा. मेलमध्ये 'बाकी मान्य आहे, थोडी सवलत द्या' असं चुकूनही लिहू नका. 'ही रक्कम मला मान्य नाही, कनेक्शन २८ जूनला बंद करायला सांगितलं होतं' एवढंच.

आपल्याकडे सिबिल हा शब्द सरसकट वापरतात, पण ब्युरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा. एकीकडे नोंद पुसली आणि दुसरीकडे तशीच राहिली, तर दुसरी बँक नेमकी तीच बघेल.

ब्युरोला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. बँकेची नोंद असती तर एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई मागता आली असती. तुमच्यासमोर ब्रॉडबँड कंपनी आहे, ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली नाही. त्या शंभरावर भिस्त ठेवू नका. ब्युरोने मात्र दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार चालते. कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. दूरसंचार कंपन्यांना तिथे खेचता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही. पण ती लढाई घर झाल्यावर सावकाश लढा, इसाराची मुदत तिच्यासाठी थांबणार नाही.

आता खरी अडचण वेळेची आहे. तुमच्याकडे ४९ दिवस आहेत. ३० हरकतीत गेले तर बँकेच्या मंजुरीला १९ उरतात, आणि त्यात वकिलाचा सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), मूल्यांकन, सुट्ट्या. म्हणून घरमालकाकडे आजच जा. आणखी महिनाभराची मुदत मागा, त्याबदल्यात पंचवीस हजार वाढीव इसार द्यायची तयारी ठेवा. मुदतवाढ इसारपावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी 'हो हो, बघू' वर परत येऊ नका.

हरकत घातल्यापासून पस्तिसाव्या दिवसापर्यंत काही हललं नाही तर 'हरकत कायम ठेवून' असं लिहून ३,२१२ भरा, बेबाकी पत्र (काही बाकी नाही असं पत्र) घ्या आणि ते व्हॉट्सॲपच्या फोटोसकट शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवा. कारण आणि कागद दोन्ही समोर असले तर एवढ्या लहान रकमेसाठी अधिकारी ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. तोवर तीन-चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टवर चढते.

आणि बँकेने तरीही नाहीच म्हटलं, मालकही अडून बसला, तर एक लाख बुडवण्यापेक्षा फायनान्स कंपनीचं कर्ज घ्या, पण बदलत्या व्याजदराचंच. असं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, नोंद सुधारली की बँकेत हलवता येईल. प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च दुसऱ्यांदा पडेल, तो धरून ठेवा.

जाता जाता, तुमच्या यजमानांनी विचारलंय की शेतातल्या पंपाची वीज थकबाकी सिबिलवर येईल का. महावितरणची थकबाकी सिबिलमध्ये चढलेली माझ्या पाहण्यात नाही. वीजबिल माणसापेक्षा जागेच्या मागे लागतं. मात्र त्यामुळेच परभणीच्या घराचं ताजं लाइट बिल खरेदीखताआधी मागून घ्या. मीटर जुन्या मालकाच्या नावावर आणि थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात, असं आपल्याकडे होतं.