वाढदिवस जुळला नाही म्हणून सर हरले का?

प्रश्न: मी जि. प. शाळेत आठवीला गणित शिकवतो. वर्गात ४० मुलं. मजा म्हणून थाटात पैज लावली की ह्या वर्गात निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येणार, ८९ टक्के चान्स आहे. हजेरीपट काढला तर एकही जोडी नाही! मुलं अजून "सर हरले, सर हरले" करतायत. माझं कुठे चुकलं?
— एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर: सर, चुकलं काहीच नाही, तुमचा वर्ग उरलेल्या ११ टक्क्यांतला निघाला एवढंच. अशा नऊ वर्गांत पैज लावली तर साधारण एका वर्गात तोंडावर पडायची तयारी ठेवावीच लागते. आणि खरं सांगू का, जिंकला असतात तर मुलं टाळ्या वाजवून मधल्या सुट्टीत विसरून गेली असती, आता ८९ म्हणजे १०० नव्हे हे त्यांच्या चांगलंच लक्षात राहील.

हीच पैज शेजारच्या तुकडीत लावा, पण ह्या वेळी आधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लावा. बरेच जण ४० ला ३६५ ने भागून ११ टक्के वगैरे लिहितील, कारण डोक्यात "माझ्या वाढदिवसाशी कुणाचा जुळेल" हाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर खरंच १० टक्क्यांच्या आसपास येतं. आपण मात्र कुणाचाही कुणाशीही विचारतोय आणि ४० जणांत जोड्या होतात ७८०. मग कॅल्क्युलेटर घ्यायचा, एकेका मुलाला उभं करायचं: दुसऱ्याचा पहिल्याशी न जुळायचा चान्स ३६४ भागिले ३६५, तिसऱ्याचा आधीच्या दोघांशी न जुळायचा ३६३ भागिले ३६५, असं गुणत गुणत जायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. बाविसाव्या मुलाला ०.५२४ येतो, तेविसाव्याला ०.४९३. म्हणजे २३ जणांतच जुळायचा चान्स निम्म्याच्या वर गेला. हे फळ्यावर सूत्र लिहून सांगितलं तर अर्धा वर्ग जांभया देतो, उभं राहून केलं की तेविसाव्याला आपोआप गलका होतो.

आता खरी गंमत. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांच्या आधारकार्डावरची जन्मतारीख आणायला सांगा, फक्त दिवस आणि महिना, साल नको. फळ्यावर महिन्यांचे खांब काढले की जूनचा खांब फळ्याबाहेर जायची पाळी येईल, कारण १ जूनवाल्यांची तिथे रांगच लागलेली असेल, मागोमाग थोडे १ जानेवारीवालेही दिसतील. आपल्याला ह्याचं कारण माहितीये, जन्माची नोंदच नव्हती, शाळेत नाव घालताना वय बसायला हवं म्हणून गुरुजींनी १ जून टाकून दिली (आमच्या घरात असे तिघं आहेत, केक एकच आणतो). पण मुलांना लगेच सांगू नका, नुसतं विचारा की हे काय झालं बुवा, त्या काळी सगळ्यांचा जन्म एकाच दिवशी कसा? दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन म्हणेलच, "सर, आजी म्हणते ती आखाडात झाली, मग कार्डावर १ जून कशी?" बास, हाच तुमचा तास! गुणाकार तोच, सूत्र तेच, पण ते चालतं वर्षाचे सगळे दिवस सारखे धरले तर, आणि इथे तर तारखाच गुरुजींनी वाटलेल्या.

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. सरासरी काढता येते पण "ह्याचा उपयोग काय" म्हणून भांडते. घरातलं एखादं उदाहरण द्याल का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, लाईट बिल काढा. मागच्या महिन्यांचे युनिट त्यावर असतातच. मी गणिताला सोयीचे आकडे घेतो: ९६, १०२, ९८, ११०, १८५, २१०, १२०, ९४, ९०, ८८, ९२, ९५. बेरीज १३८०, सरासरी ११५. पण बारापैकी नऊ महिने ११५ च्या खालीच आहेत की! दोन महिने कूलर चालला आणि त्याने सरासरी वर ओढली. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढला (इथे मधले दोन, ९६ आणि ९८, त्यांच्या मधोमध) तर ९७ येतो, तुमच्या नेहमीच्या महिन्याच्या तो जास्त जवळ.

आणि भांडकुदळ मुलीसाठी एक कोडं: १०० युनिटच्या पुढे दर वाढतो. सरासरीने धरलं तर महिन्याला १५, वर्षाला १८० युनिट महागात पडायला हवेत. पण महिनेवार मोजलं तर २२७ निघतात. वरचे ४७ कुठून आले? तिलाच शोधू दे, तुम्ही मधे पडू नका.

प्रश्न: नातवाला कापरेकरांचं ६१७४ चं कोडं दाखवलं. त्याने २१११ घेतला आणि पठ्ठ्या शून्यावर जाऊन बसला. माझीच फजिती!
— एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर: आजोबा, गणिती कापरेकर तुमच्या शेजारच्या देवळालीत शिक्षक होते, तेव्हा हे कोडं तुमच्या घरात तरी सुटायलाच हवं! बाकीच्यांसाठी सांगतो: चार अंकी आकडा घ्यायचा, त्याचे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेला आकडा वजा करायचा, उत्तरावर पुन्हा तेच, शेवटी ६१७४ येतो. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, इथे नातवाने तीनच अंक धरले. चार धरायचे, ०९९९. मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. पाच पायऱ्या झाल्या. चारही अंक सारखे असले, ५५५५ सारखे, तर मात्र शून्यच, बाकी कुठलाही आकडा जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतो. आता त्याच्याकडून वेगवेगळे तीस आकडे करून घ्या आणि कुणाला किती पायऱ्या लागल्या ते उभ्या रेघांनी मांडा, पाचवी रेघ आडवी. कुठल्या पायरीचा खांब सगळ्यात उंच येतो ते मी सांगत नाही, त्याने काय काढलं ते मला कळवा.